दुष्काळाची संहिता आणि शहरात शिरलेले पाणी : सिन्नरच्या निमित्ताने

सिन्नर शहरात रात्री नदीचे पाणी शिरले, तर लोकांना घराबाहेर काढण्याचा पहिला आदेश कोणी द्यावयाचा? नगराध्यक्षांनी, मुख्याधिकाऱ्यांनी, तहसीलदारांनी की जिल्हाधिकाऱ्यांनी? प्रश्न प्रशासनाचा वाटतो. त्याचे उत्तर मात्र इतिहासात आहे आणि ते शोधताना थेट १८८० च्या दुष्काळ आयोगापर्यंत मागे जावे लागते. आजचा धागा त्याविषयी. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

सिन्नर म्हटले की आपल्यासारख्यांना प्रथम गोंदेश्वर आठवतो. यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे हे ठिकाण, भूमिज शैलीचे ते देखणे पंचायतन, सेउणचंद्राचे नाव. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच सिन्नरची दुसरी ओळख मात्र पाण्याची आहे, किंवा पाणी नसण्याची. नाशिकच्या आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेले हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. शेजारच्या इगतपुरीत पाऊस थांबता थांबत नाही आणि सिन्नरच्या पूर्व भागात मात्र टँकरची वाट पाहिली जाते. शहरातून सरस्वती नदी जाते, जवळून देवनदी वाहते. ‘नदी’ हा शब्द वर्षातील बहुतेक महिने या दोघींच्या बाबतीत उदारपणेच वापरावा लागतो.

१ सप्टेंबर २०२२ रोजी, ऐन गणेशोत्सवात, सिन्नरवर काही तासांत ढगफुटीसदृश पाऊस कोसळला. सरस्वती आणि देवनदी दोन्ही पात्र सोडून वाहू लागल्या. काठावरच्या घरांत आणि दुकानांत पाणी शिरले, रात्री लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. पुढे ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. नाशिक जिल्ह्यातील तीन तालुके त्या यादीत होते : मालेगाव, येवला आणि सिन्नर. पूर आणि दुष्काळ यांत अंतर अवघे चौदा महिन्यांचे.

या दोन संकटांना शासनयंत्रणा सारखीच तोंड देते का? माझ्या मते नाही. दुष्काळाशी कसे वागावे हे आपल्या यंत्रणेला सव्वाशेहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. शहरातला पूर तिला अजूनही परका वाटतो. याचे कारण ही यंत्रणा ज्या साच्यात घडली, त्या साच्यात आहे.

तो साचा पाहण्यासाठी १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाकडे जावे लागते. दख्खनमध्ये लाखो माणसे मेली. सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामांवरील मजुरांची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली, आणि मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ती कामे सोडून दिली. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावचे वृत्तांत जमवून सरकारला पाठवीत होती. एवढ्या अनर्थानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला. त्यावरून प्रत्येक इलाख्याने आपापली संहिता बेतली.

ही संहिता वाचताना आश्चर्य वाटते, कारण तिच्यात आजच्या आपत्ती व्यवस्थापनाचे जवळजवळ सर्व अवयव दिसतात. पूर्वसूचना आहे : पाऊस लांबणे, धान्याचे भाव चढणे, लोकांची भटकंती वाढणे, चोऱ्या वाढणे या खुणांवर नजर ठेवावयाची. खात्री करून घेण्याची पद्धत आहे : आधी चाचणीदाखल एखादे काम काढावयाचे आणि त्यावर किती माणसे येतात ते पाहावयाचे. माणसे मोठ्या संख्येने आली, तर संकट खरे. मग मोठी कामे, आणि ज्यांना काम करणे शक्य नाही त्यांना फुकट शिधा. कोणी कोणाला, किती दिवसांनी, काय कळवावयाचे तेही ठरलेले. आणि या साऱ्याच्या केंद्रस्थानी एकच माणूस : जिल्ह्याचा कलेक्टर. त्याच्या खाली मामलेदार, त्याच्या खाली गावचा पाटील आणि कुलकर्णी.

येथे नगरपालिका कोठे आहे? जवळजवळ कोठेच नाही. आणि त्या काळाच्या दृष्टीने ते स्वाभाविकही होते. दुष्काळ शेतात पडतो, हळूहळू पडतो आणि त्याची मोजदाद जमीन महसुलाच्या नोंदींवरूनच होते. ज्याच्याकडे सातबारा, त्याच्याकडे संकट, असे ते गणित. सिन्नरसारख्या गावांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरपालिका आल्या, त्या दिवाबत्ती, रस्ते आणि साफसफाईसाठी. संकट हा त्यांचा विषयच नव्हता.

पुढे टिळकांनी एक वेगळीच गोष्ट केली. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी ‘केसरी’तून आणि कार्यकर्त्यांमार्फत शेतकऱ्यांना सांगितले की, या संहितेत तुमचे हक्क लिहिलेले आहेत; पीक बुडाले असेल तर साऱ्याची सूट मागा. अधिकाऱ्यांसाठी लिहिलेली पुस्तिका लोकांच्या हाती गेली आणि सरकारची पंचाईत झाली. आपत्तीचा आराखडा कपाटात असणे आणि तो लोकांना ठाऊक असणे यांत किती फरक पडतो, याचे आपल्याकडचे हे पहिले ठळक उदाहरण असावे.

त्याच वेळी शहरांवर प्लेग आला. प्लेग शेतातला नव्हे, गल्लीतला. म्हणजे नगरपालिकेचा विषय. पण झाले काय? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला आणि पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची प्लेग समिती नेमली गेली. लोकनियुक्त सभासद असलेली नगरपालिका बाजूला राहिली, घरांच्या झडत्या गोऱ्या सोल्जरांनी घेतल्या. २२ जून १८९७ ची रात्र आपणा सर्वांना माहीत आहे, ती पुन्हा सांगत नाही. धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, संकट शहरी असले तरी अधिकार मात्र शहराच्या हातून काढून वर नेला गेला. ही सवय पुढे सुटली नाही.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले? नगरपालिकांच्या कर्तव्यांची यादी वाढली. १९६५ च्या महाराष्ट्र नगर परिषद अधिनियमात (सिन्नर नगर परिषद आजही याच कायद्याने चालते) आग विझविणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे, धोकादायक इमारती सुरक्षित करणे किंवा पाडणे ही बंधनकारक कर्तव्ये आहेत. साथीच्या काळात विशेष वैद्यकीय मदत देण्याचे कर्तव्य आहे. आणि एक कर्तव्य वाचून तर मला हसू आले : टंचाईच्या काळात शहराच्या हद्दीतील निराधारांसाठी मदतकामे काढणे. दुष्काळ संहितेची सावली थेट नगर परिषदेच्या कायद्यावर पडलेली! पुराचे मात्र असे स्वतंत्र कलम त्या यादीत सापडत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली, तिच्यात १८ विषय आहेत. अग्निशमन सेवा आहे, आपत्ती व्यवस्थापन नाही.

ग्रामीण बाजूला मात्र जुना साचा अधिक पक्का होत गेला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लाखो हात खडी फोडत होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायदा झाली. संहितेतील ‘मदतकाम’ आता ‘हक्काचे काम’ झाले, आणि ही प्रगती खरोखर मोठी होती. पैसेवारी, टंचाई आराखडा, टँकर, चारा छावणी हे शब्द सिन्नर तालुक्यातल्या शाळकरी मुलालाही कळतात. दुष्काळाला आपल्याकडे दफ्तर आहे, दिनदर्शिका आहे, भाषा आहे.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली आणि एक गोष्ट लख्ख दिसली की, काही संकटे पैसेवारीची वाट पाहत नाहीत. भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार केले. देशात हे काम प्रथम हाती घेणाऱ्यांत आपले राज्य होते. नियंत्रण कक्ष कोठे उघडले? अर्थातच जिल्हाधिकारी कार्यालयांत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, शहरी पूर हा स्वतंत्र विषय म्हणून देशाच्या नजरेत आला आणि २०१० मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वेही काढली.

दरम्यान डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. सुरुवातीच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर येथे आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. सहअध्यक्षपद स्थानिक संस्थेच्या लोकनियुक्त प्रतिनिधीकडे, आणि ही जागा व्यवहारात जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांची. वाहतूक रोखणे, एखाद्या भागात प्रवेशबंदी करणे, निवारे उभारणे, कोणत्याही खात्याची साधने मागविणे हे अधिकार या प्राधिकरणाचे. कलम ४१ नगर परिषदेविषयी आहे : तिने आपले कर्मचारी प्रशिक्षित ठेवावेत, साधने वापरण्याजोगी ठेवावीत, आपल्या हद्दीतील बांधकामे ठरलेल्या मानकांप्रमाणे होत आहेत हे पाहावे, मदत व पुनर्वसनाचे काम करावे, आणि हे सारे जिल्हा प्राधिकरणाच्या निर्देशांच्या अधीन राहून.

म्हणजे जबाबदारी खाली आली, निर्णय वरच राहिला. १८८३ चा कलेक्टर, मामलेदार, पाटील हा जिना आता जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी असा झाला, आणि नगर परिषद त्या जिन्याला बाजूने टेकविलेली शिडी झाली.

ही व्यवस्था सर्वस्वी चुकीची आहे असे मला म्हणावयाचे नाही. जिल्हाधिकाऱ्याकडे साधने मोठी असतात, पोलीस, आरोग्य, पाटबंधारे, लष्कराशी संपर्क या साऱ्या दोऱ्या त्याच्या हाती येतात. एखाद्या नगर परिषदेला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी थेट बोलावता येणार नाही. जिल्हाभर पसरलेल्या संकटात एकच केंद्र असणे इष्टच. अडचण वेळेची आहे.

नाशिक शहराशी तुलना केली की ती स्पष्ट होते. गोदावरीच्या पुराला पूर्वसूचना असते. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला हे जाहीर होते, पाणी रामकुंडावर केव्हा पोहोचेल याचा अंदाज बांधता येतो. आणि लोकांची स्वतःची मोजपट्टी आहेच : दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या पायाला लागले, कमरेला आले, डोक्यावरून गेले, यावरून गोदाकाठचे दुकानदार सामान हलवितात. १९६९ च्या महापुराची आठवणही याच खुणांत सांगितली जाते. कोणत्याही शासन निर्णयाशिवाय चालणारी ही पूर्वसूचना यंत्रणा आहे.

सिन्नरकडे ना असा मारुती, ना गंगापूरसारखे मोठे धरण. सरस्वतीचे पाणलोट क्षेत्र लहान. डोंगरउतारावर पडलेला पाऊस तास-दोन तासांत शहरात. जिल्हा नियंत्रण कक्षाला (त्याचा क्रमांक १०७७) कळवून, तेथून निर्देश येऊन, पथक निघून पोहोचेपर्यंत पूर येऊन ओसरूही शकतो. त्या पहिल्या दोन तासांत जे काही आहे ते नगर परिषदेचेच : तिचा बंब, तिचे सफाई कर्मचारी, जेसीबी असलेला ठेकेदार, पोहणारी तरुण मुले, उघडता येईल अशी एखादी शाळा.

म्हणून छोट्या शहराची खरी आपत्ती व्यवस्था कोणत्या कागदात दिसते, असे विचारले तर मी जाड आराखड्याऐवजी मे महिन्यातल्या कामांच्या यादीकडे बोट दाखवीन. नालेसफाई झाली का? धोकादायक वाड्यांना नोटिसा गेल्या का, आणि नोटीस गेल्यावर त्या वाड्यातली माणसे कोठे राहणार? पावसाळ्याच्या चार महिन्यांत रात्रपाळीला नियंत्रण कक्षात दूरध्वनी उचलणारा माणूस कोण? घंटागाडीवरचा ध्वनिक्षेपक रात्री दोन वाजता सुरू करण्याचा अधिकार कोणाला आहे? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. दुष्काळ संहितेचे बळ मात्र अशाच क्षुल्लक तपशिलांत होते. पाटलाने कोणत्या दिवशी काय लिहून पाठवावयाचे हे तिच्यात ठरलेले होते.

हद्दींचा प्रश्न आणखी वेगळा. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींचा कारभार स्वतंत्र, औद्योगिक विकास महामंडळाची अग्निशमन व्यवस्था वेगळी. महामार्ग दुसऱ्याचा, नदीपात्र जलसंपदा विभागाच्या नजरेखाली, बसस्थानक एसटी महामंडळाचे. मे २०२५ च्या अखेरीस अवकाळी पावसात सिन्नर बसस्थानकाच्या छताचा भाग कोसळला आणि एक शिवशाही बस त्याखाली सापडली. शहराच्या ऐन वर्दळीतली ही वास्तू, पण ती नगर परिषदेच्या मालकीची नव्हे. नागरिकाला मात्र हे सारे एकच ‘सिन्नर’ दिसते आणि संकटात तो फोन करतो नगर परिषदेला किंवा ओळखीच्या नगरसेवकाला.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. २०२२ च्या पुराच्या रात्री सिन्नरला नगरसेवकच नव्हते. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली होती, आरक्षणाच्या वादात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या होत्या आणि कारभार प्रशासकाकडे होता. कोणत्या गल्लीत अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोणत्या घरात बाळंतीण आहे, हे प्रभागातल्या माणसाला जितके ठाऊक असते तितके बदलून आलेल्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते. तो कितीही कार्यक्षम असो. १८९७ मध्ये नगरपालिका बाजूला सारली गेली होती. २०२२ मध्ये ती लोकनियुक्त रूपात अस्तित्वातच नव्हती. मधल्या काळात, २०२० च्या टाळेबंदीतही, केंद्राच्या आदेशाने कार्यकारी दंडाधिकारी हेच त्या त्या भागाचे घटना नियंत्रक झाले होते. म्हणजे पुन्हा महसूल खाते.

पूर ओसरल्यावरही जुना साचा आडवा येतो. मदतीच्या निकषांत कपडे आणि भांडीकुंडी यांच्या नुकसानीसाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असण्याची अट राहिलेली आहे. मोठ्या नदीच्या पुराला ती लागू पडते. चार तासांत येऊन गेलेल्या ओढ्याच्या लोंढ्याला कशी लागणार? घरातले धान्य चार तासांतही भिजते. म्हणून मोठ्या पुरांनंतर शासनाला विशेष निर्णय काढून ही अट शिथिल करावी लागली आहे. संकट हळू येते आणि हळू जाते, हे गृहीतक येथेही डोकावते.

एक गंमत सांगतो. याच तालुक्यात पूर ही एकेकाळी हवीशी गोष्ट होती. देवनदीवर ब्रिटिशकाळापासूनचे बंधारे आणि पाट आहेत. पावसाळ्यात नदी फुगली की ते पाणी वळवून शेतांत आणि विहिरींच्या पोटात नेत. पाट साफ ठेवणे, पाळी ठरविणे हे काम लाभधारक शेतकरी आपसांत करीत. मधल्या काळात ही व्यवस्था मोडकळीस आली आणि अलीकडे ‘युवा मित्र’ या संस्थेने शेतकऱ्यांना सोबत घेऊन ती पुन्हा उभी केली. पुराचे पाणी कोठून येते, कोठे फुटते, कोठे वळवावे हे ज्ञान शहराच्या वेशीवरच उपलब्ध होते. शहराच्या आराखड्यात ते कधी उतरले नाही, कारण पाट शेतीचा विषय आणि नाला नगर परिषदेचा.

आता ताजी घडामोड. २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली आणि ९ एप्रिल २०२५ पासून ती लागू आहे. प्रथमच ‘नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण’ ही कल्पना कायद्यात आली. १८८३ पासूनच्या जिन्याला शहराची स्वतंत्र पायरी मिळाली, म्हणून अभ्यासकांनी हिची दखल घ्यावयास हवी. पण ही प्राधिकरणे राज्यांच्या राजधान्यांसाठी आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी. नाशिकला ती मिळू शकते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६५ हजार लोकसंख्या असलेल्या, नगर परिषदेच्या सिन्नरला नाही. सिन्नर, येवला, मनमाड यांसारखी गावे पुन्हा कलम ४१ च्याच आधाराने उभी.

राज्यातील नगर परिषदांच्या निवडणुका अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. लोकनियुक्त सभागृहाचा पहिला पावसाळा २०२६ चा. सभागृहाला स्वतंत्र प्राधिकरण नसले तरी १९६५ च्या कायद्याने अंदाजपत्रक त्याचे आहे, बंब त्याचा आहे, बांधकाम परवानग्या त्याच्या कार्यालयातून जातात. नदीकाठी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांच्या आत काय उभे राहू द्यावयाचे, हा प्रश्न त्याच्याच टेबलावर येतो.

जिज्ञासूंनी आपापल्या जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा जरूर उघडून पाहावा आणि त्यात आपल्या शहराच्या वाट्याला किती पाने आली आहेत ते मोजावे. काही रंजक सापडले तर येथे कळवा. पुढचा धागा १८९७ च्या पुण्यातील प्लेग समितीवर; तेथे झडत्यांखेरीज रुग्णालये, तंबू आणि खर्चाचे हिशेब यांविषयीही बोलू.